झेंडूचा दोरा आणि पेटीतली हवा

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा माझा हात एका सीपीयूच्या पोटात कोपरापर्यंत गेलेला होता. फोन स्पीकरवर टाकला. "ताई, या पुरुषांच्या क्षेत्रात एक बाई म्हणून तुम्हाला काय काय सोसावं लागलं, त्यावर आमच्या दिवाळी अंकासाठी लिहा," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, सोसण्यावर मी लिहिणार नाही. लिहिलंच तर हवेवर लिहीन.  मग त्या म्हणाल्या, "हवा म्हणजे प्रदूषण वगैरे का?" मी म्हटलं, "नाही, कॉम्प्युटरच्या पेटीतली हवा. ती कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते." त्या हसल्या. मी हसले नाही. शेवटी त्यांनीच माघार घेतली. ज्यांना सोसण्याचंच वाचायचंय त्यांनी इथेच पान उलटलं तरी माझी हरकत नाही.

थेरगावात, डांगे चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, माझं एका शटरचं दुकान आहे. पाटीवर माझंच नाव आहे, 'उज्ज्वला' असं ठळक अक्षरात. तरी आत आलेला माणूस माझ्या खांद्यावरून मागे बघतो आणि विचारतो, "दुरुस्ती करणारे कुठं गेलेत?" मी म्हणते, "इथंच आहेत," आणि मान खाली घालून स्क्रू काढत राहते. बहुतेकांना दुसऱ्या स्क्रूपर्यंत उलगडा होतो. ज्यांना होत नाही त्यांना मी बसायला स्टूल देते.

माझे वडील पिंपरीच्या एका फाउंड्रीत होते. ओतलेले लोखंडी पार्ट घासून साफ करण्याचं काम. संध्याकाळी आले की आई त्यांना दारातच थांबवायची, शर्ट बाहेर झटकायला लावायची, आणि तरी जेवताना त्यांच्या भुवयांतून काळी पूड ताटात पडायची. पुढे खोकला लागला तो गेलाच नाही. खोकला वाढला तेव्हा ठेकेदाराने आमच्या दारात येऊन त्यांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका, दुसरा माणूस मिळालाय. एवढंच सांगितलं. धूळ कुठून आत शिरते, हा प्रश्न मला कुठल्या कोर्समध्ये कळला नाही. तो आमच्या घरात रोज जेवायला असायचा.

आता धंद्याची गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. ज्या पेटीला तुम्ही सगळे 'सीपीयू' म्हणता तिला आम्ही कॅबिनेट म्हणतो. खरा सीपीयू बिस्किटाएवढा असतो आणि आत बसलेला असतो, पण लोकांशी मी त्यावरून वाद घालत नाही, मीही सीपीयूच म्हणते. या पेटीत जे काही चालतं त्याने आत उष्णता होते. ती बाहेर काढायला पंखे असतात. काही पंखे बाहेरची गार हवा आत घेतात, काही आतली गरम हवा बाहेर टाकतात. पंखा सारखाच असतो, फक्त कुठल्या तोंडाने बसवला यावर सगळं ठरतं. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्या आणि मधे गोल स्टिकर दिसतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. एवढं लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं अवघड आहे. लोकांना वाटतं, गरम हवा बाहेर काढायचीय ना, मग लावा सगळे पंखे बाहेर टाकणारे. पण पेटीतून हवा बाहेर गेली की तेवढीच हवा कुठून तरी आत येणारच. तुम्ही तिला दार दिलं नाहीत तर ती फटींतून येते. सीडीच्या खाचेतून, पेन ड्राइव्ह लावायच्या भोकांतून, पत्र्याच्या जोडांतून. आणि फटीला जाळी नसते, त्यामुळे येताना धूळ घेऊन येते. म्हणून आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित जास्त ठेवायची. मग प्रत्येक फटीतून हवा बाहेरच ढकलली जाते आणि धूळ फक्त तुम्ही नेमून दिलेल्या दारातून, जाळी लावलेल्या दारातून येते. ती जाळी तुम्ही धुवायची. जाळीने हवा अडते, म्हणून नुसते पंखे मोजून भागत नाही. मी शिवणाचा दोरा फटीजवळ धरून बघते. दोरा आत ओढला गेला तर पेटी उपाशी आहे. बाहेर ढकलला गेला तर पेटी सुखात आहे.

लोक म्हणतात, "ताई, पंखाच तर आहे." हे वाक्य मी माझ्या दुकानात चालू देत नाही. श्वास घेणं म्हणजे नाकच तर आहे, असं कुणी म्हणतं का?

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण आला होता. काचेची पेटी, आत रंगीत दिवे लागणारे पंखे, सगळी दिवाळीच. गेम खेळताना मात्र पाच मिनिटांत तवा तापायचा. उघडून बघितलं तर एकूण एक पंखे आत हवा घेणारे. गरम हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती. मी विचारलं, "असे का लावलेस रे?" तर म्हणाला, "काकू, ही बाजू दिसायला भारी आहे ना. उलटा लावला तर मागची ती काड्यांची बाजू बाहेरून दिसते." मी मागचे आणि वरचे पंखे उलटे केले. पेटी गार पडली आणि त्याचं तोंड उतरलं. "आता यांचं पाठमोरंच दिसतंय," म्हणाला. मी म्हटलं, "मग तू पेटीच्या आत बसून खेळ." पुढच्या महिन्यात तो मित्राला घेऊन आला, त्या मित्राचेही पंखे आत तोंड करून.

तळेगाव दाभाड्याला एक ढवळे सर आहेत, निवृत्त शिक्षक. त्यांच्या सीपीयूला काकूंनी कव्हर शिवलं होतं. साधं नव्हे, मोर भरलेलं, चारी बाजूंनी नाडी असलेलं, आणि बटणापुरतं एक काज ठेवलेलं. टीव्हीला होतं, मिक्सरला होतं, मग या पेटीनेच काय घोडं मारलं होतं? मशीन धापा टाकायचं. सर मला दारातच गाठून हळू आवाजात म्हणाले, "कव्हरचं काही बोलू नका हो. तिने डोळे फोडून भरलंय." मी सरळ आत जाऊन काकूंना म्हटलं, "काकू, तुमचा मोर गुदमरतोय." त्यांना दोरा दाखवला. त्या दोऱ्याकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे याला पदर नको, चाळणी हवी." मग त्यांनी जुन्या मच्छरदाणीच्या कापडाची, काठाला पट्टी लावलेली अशी एक सुंदर जाळी शिवून दिली. विकतच्या जाळीपेक्षा ती बरी. तेव्हापासून माझ्या सगळ्या जाळ्या ढवळेकाकूच शिवतात, आणि मोर आता सरांच्या उशीवर आहे.

हे सगळं गमतीचं झालं. आता चाकणचं सांगते, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले.

चाकणला एक छोटी कंपनी होती. नाव सांगत नाही. गाड्यांसाठी लागणारे धातूचे पार्ट ग्राइंडिंग करून नेमक्या मापाचे करायचे आणि मोठ्या कंपन्यांना द्यायचे, हा त्यांचा व्यवसाय. तिथल्या कॉम्प्युटर्सची देखभाल माझ्याकडे होती. शेडच्या एका कोपऱ्यात तपासणीचं टेबल होतं. तिथे प्रत्येक पार्ट कॅमेऱ्याखाली ठेवायचा आणि कॉम्प्युटर त्याचं माप घेऊन साठवून ठेवणार. त्या खुर्चीवर मंगल बसायची. राजगुरुनगरच्या पुढच्या एका गावातून रोज कंपनीच्या बसने यायची. ठेक्यावर होती. दर काही महिन्यांनी कामावरून थांबवायचे, परत घ्यायचे, म्हणजे कायम करावं लागत नाही. बरीच वर्षं अशी काढल्यावर त्या उन्हाळ्यात तिचं नाव कायम करायच्या माणसांत आलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच मशीन बंद पडायला लागलं. कधीही नाही, फक्त दुपारच्या जेवणानंतर. बाकीचे दुसऱ्या पाळीने कँटीनला गेलेले असायचे आणि मंगल एकटी खुर्चीत असायची. स्क्रीन काळी व्हायची, घेतलेली मापं जायची, सगळे पार्ट परत मोजायला लागायचे, तोवर पुढचा माल अडून राहायचा. चार लोकांत लगेच चर्चा सुरू झाली की बाई मुद्दाम बंद करते, तेवढाच दुपारचा आराम. मॅनेजरांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. म्हणाले, झोप काढायची असेल तर घरी काढा. मला फोन आला तो "मशीन बघून जा, म्हणजे एकदा क्लियर होईल" असा.

मी गेले तेव्हा मंगल खुर्चीच्या बाजूला उभी होती, बसली नव्हती. "ताई, म्या न्हाई ओ बंद करत," ती म्हणाली. "आपसूक बंद पडतंय. पन माजं कोन ऐकून घेतंय? नाव आलंय वरती, आन आता असं म्हनले तर पुसून टाकतील."

मी म्हटलं, "थांब, आधी पेटीशी बोलते."

पेटीवर झेंडूचा वाळलेला हार होता. खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या मशीनची पूजा होते, तशी या कॉम्प्युटरचीही झाली होती. मंगल आणि पॅकिंगच्या बायकांनी मिळून हार घातला होता. पुढे उन्हाळा आला तरी तो तसाच. पूजेचा हार कोण काढणार? फुलं वाळून तपकिरी झाली होती आणि एक सुटलेला दोरा खाली लोंबत होता. मी वाकले आणि तिथेच थांबले. दोरा सरळ लोंबत नव्हता. सीडीच्या खाचेला चिकटून थरथरत होता, आतून कुणीतरी ओढत असल्यासारखा. माझ्या पिशवीतला दोरा काढायची गरजच पडली नाही.

पेटी उघडली तर आत काळा लेप. ग्राइंडिंगची बारीक पूड आणि तेलाची वाफ मिळून झालेला, बोटाने खरवडला तर नखात बसेल असा. मला एकदम माझ्या वडिलांचं ताट आठवलं. पंखे मोजले. सगळेच्या सगळे बाहेर टाकणारे. पेटीला आत हवा घ्यायला एकही दार नव्हतं. शेडमधली सगळी धूळ फटीफटीतून आत ओढली जात होती. दुपारी शेड तापली की आतला खरा, बिस्किटाएवढा सीपीयू त्याच्यावरच्या लेपामुळे आणखी तापायचा आणि स्वतःला वाचवायला बंद व्हायचा. लक्षात घ्या, असं बंद होणं हा बिघाड नाही. जळून जाण्यापेक्षा बरं म्हणून मशीन स्वतःच थांबतं.

तेवढ्यात शिंदे साहेब आले. मेंटेनन्सचे प्रमुख, माणूस चांगला, कामाचा. "पंखे मीच वाढवलेत मॅडम," ते जरा अभिमानानेच म्हणाले. "शेडमध्ये छताला सगळे एक्झॉस्ट लावले ना, तेव्हा कुठं पोरांना श्वास घेता यायला लागला. तोच हिशोब इथं लावला." आणि हे खरं होतं, शेडमध्ये त्यांनी मोठं काम केलं होतं. मी म्हटलं, "साहेब, तुमच्या शेडला शटर आहे. ट्रक आत येईल एवढं. या पेटीला शटर कुठाय?"

ते वाकून पेटीची पुढची बाजू चाचपू लागले. मग नुसतं "अरे हां" म्हणाले. त्यांना लगेच कळलं होतं, हे मी मान्य करते.

पण मॅनेजर आले आणि त्यांच्यासमोर मी आतल्या खऱ्या सीपीयूवरचा पंखा उचलला तर पात्यांच्या मधून झेंडूच्या वाळक्या पाकळ्या बाहेर पडल्या. त्या टेबलावर पडल्या आणि मला कळलं की आता गडबड होणार. मॅनेजरांनी एक पाकळी चिमटीत धरली. "हे बघा. हार कुणी घातला? हिनेच ना? मशीन हिनेच बंद पाडलं, हाताने नाही तर हाराने."

मंगलच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "आमी समद्या बायांनी घातला व्हता," ती म्हणाली. "पूजेचा हाय तो. दर साली घालतोय. आन तुमी सोता कुंकू लावलं व्हतं की साहेब."

मॅनेजरांनी तिच्याकडे बघितलंही नाही. मला बाजूला घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, कस्टमरचं ऑडिट तोंडावर आलंय. मशीनमध्ये फॉल्ट होता असं निघालं तर ते मागचं सगळं उकरून काढतील, आत्तापर्यंतची सगळी मापं संशयात येतील. ऑपरेटरची चूक होती, ऑपरेटर बदलला, असं सांगितलं की विषय संपला. तुम्ही मशीन नीट करून द्या, आणि कुणी विचारलं तर ऑपरेटरमुळे झालं एवढंच म्हणा. माणूस बदलता येतो हो."

माणूस बदलता येतो. मी आयुष्यात हेच दुसऱ्यांदा ऐकत होते. पहिल्यांदा वडिलांच्या ठेकेदाराकडून ऐकलं तेव्हा लहान होते आणि दाराआड उभी होते. आता लहान नव्हते आणि दाराआडही नव्हते. माझा राग डोक्यात गेला, पण राग आल्यावर मी आवाज चढवत नाही, उलट सावकाश बोलते. माझ्या घरच्यांना या सावकाश बोलण्याची जास्त भीती वाटते.

मी स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवला. म्हटलं, "मी आज काहीही दुरुस्त करणार नाही."

"म्हणजे?" मॅनेजर म्हणाले. "मग बोलावलं कशाला तुम्हाला?"

"साहेब, मी आत्ता पंखे फिरवले आणि तुम्ही त्याच दिवशी मंगलला हलवलंत, तर उद्यापासून मशीन बंद पडणार नाही. आणि सगळे म्हणतील, बाई गेली आणि मशीन सुधारलं. माझ्या धंद्याचा नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर चूक कुठली होती ते देवालाही कळत नाही. तुम्हाला माणूस बदलायचाय ना? बदला. हारावरही तुमचा संशय आहे, तर हार मी काढते, पाकळ्याही काढते. पंखे आहेत तसेच राहतील. खुर्चीत मंगल सोडून कुणालाही बसवा. तरीही बंद पडलं तर दोष तिचाही नाही आणि हाराचाही नाही."

"आणि माल अडला तर?"

"एवढे दिवस अडतोच आहे."

त्यांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, तुमच्यासारखे छप्पन टेक्निशियन मिळतात आम्हाला."

"मिळतात की. बोलवा. त्यांनाही हेच दिसेल, फक्त ते कदाचित बोलणार नाहीत."

मंगल माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं की मी सगळं आणखी बिघडवतेय. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही तसंच वाटलं. समजा मशीन दुपारी बंद पडलं नाही तर? हार काढल्यावर हवा जरा मोकळी झाली, आणि नेमकं आजच ते चालत राहिलं तर? मग मी माझ्याच हाताने तिचं नाव पुसल्यासारखं होणार होतं. पण माझा विश्वास त्या थरथरणाऱ्या दोऱ्यावर होता. पेटी अजून उपाशीच होती आणि लेप अजून तिथेच होता.

 मग शिंदे साहेब म्हणाले, "मी बसतो खुर्चीत."

मॅनेजरांना तेही आवडलं नाही, पण नाही म्हणायला कारण सापडेना. मी हार उतरवून मंगलच्या हातात दिला, पाकळ्या चिमट्याने काढल्या, पेटी बंद केली. जेवणानंतर शिंदे साहेब बसले. एकेक पार्ट उचलायचे, कॅमेऱ्याखाली ठेवायचे, बाजूला करायचे. शेडचा पत्रा तापून वाजत होता. मंगल हार हातात धरून उभी होती, पॅकिंगच्या बायकाही कँटीनला न जाता तिच्या मागे येऊन थांबल्या. मॅनेजर मोबाइल बघण्याचं नाटक करत होते. मला पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. तो हळूहळू चढत गेला, पेटी धापा टाकायला लागली की असाच चढतो. आणि मग स्क्रीन काळी झाली.

शिंदे साहेबांचा हात पार्टवरच राहिला. त्यांना तेव्हा वाटलं असतं तर ते म्हणू शकले असते की लाइट गेली असेल, वायर सैल असेल. मी कितीतरी लोकांना अशा वेळी तसं म्हणताना ऐकलंय. ते उठले आणि म्हणाले, "पंखे मी बसवलेत. चूक माझी आहे. मंगलचा काही संबंध नाही."

मॅनेजर म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे, बघू. मॅडम, आता तरी नीट करा." आणि ते वळले.

मंगल तेव्हा बोलली. आवाज मोठा नव्हता, पण कापतही नव्हता. "साहेब, मला झापलं तवा समद्यांसमोर झापलं व्हतं. आता समद्या हितंच हायेत. सांगा की."

"झालं ना आता, शिंदेंनी सांगितलं की."

"शिंदे साहेबांनी न्हाई झापलं मला. तुमी झापलं."

बायका जागच्या हलल्या नाहीत.  शेवटी मॅनेजर म्हणाले, "ऑपरेटरची चूक नव्हती."

"नाव घेऊन सांगा," मंगल म्हणाली.

त्यांनी नाव घेतलं. मंगलची चूक नव्हती, असं म्हणाले. मला तेव्हा असं वाटलं की माझे वडील शेडच्या दारात उभे राहून हे ऐकत असते तर. वाटलं ते वाटलं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग मी पिशवी उघडली. लेप धुतला, पुढचे पंखे उलटे करून आत घेणारे केले, त्यांच्यावर ढवळेकाकूंची मच्छरदाणीची जाळी बसवली, मागचा एक बाहेर टाकणारा ठेवला. वरचा पंखा काढून त्याचं भोक झाकून टाकलं. शिंदे साहेब बाजूला उभे राहून टॉर्च धरत होते. चालू केलं आणि मंगलला म्हटलं, "तूच बघ." तिने हाराचा तो दोरा तोडून सीडीच्या खाचेजवळ धरला. दोरा बाहेर ढकलला गेला. तिने परत धरला. परत बाहेर. मग एकेक करून पेटीची प्रत्येक फट तिने तपासली, मी सांगितलेलं नसताना. हार पुन्हा घालायचा का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, घाल, पण मॉनिटरच्या वर भिंतीत खिळा आहे, त्याला. देवाला चालेल आणि पेटीलाही.

मशीन त्यानंतर दुपारी बंद पडलं नाही. मंगल खुर्चीत राहिली आणि कायमही झाली. पण हे सगळं गोड झालं असं कुणी समजू नका. वर्ष संपलं तेव्हा माझं देखभालीचं काम त्यांनी पुढे चालू ठेवलं नाही. त्याचं मला काडीचंही दुःख नाही. वाईट वाटतं ते शिंदे साहेबांचं. त्यांची बढती त्या वर्षी राहिली असं ऐकलं. त्या शेडमध्ये माणसांना श्वास घेता आला तो त्यांच्यामुळे, आणि एका पेटीपायी त्यांना किंमत मोजावी लागली. मी त्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, शटर विसरलो होतो." 

माझा जावई म्हणतो, "आई, आता डेस्कटॉप कोण घेतं? बंद करा दुकान, आराम करा." मी म्हणते, चाकणला जा आणि बघ, शेडच्या कोपऱ्याकोपऱ्यात अजून किती पेट्या धापा टाकतायत. लॅपटॉपवर कुणी ग्राइंडरची धूळ उडवत नाही, पेटीवर उडवतात. जोवर धूळ आहे तोवर माझं दुकान आहे. आणि धूळ इथे संपणार नाही, याची तुम्ही काळजी करू नका.

परवा मंगलचा फोन आला. कंपनीने तिच्या टेबलाला नवा कॉम्प्युटर घेतलाय. बसवायला नवा टेक्निशियन आला होता, ऐटीत, कानात ब्लूटूथ.

"ताई, त्यो समदे पंखे भायेरच लावत व्हता," ती म्हणाली. "म्या इचारलं, आत हवा कुठनं येनार? तर म्हनतो कसा, मॅडम, पंखाच तर हाय. तुमी उठा, मला काम करू द्या."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. म्या हाराचा दोरा काडून त्याच्या हातात दिला. म्हनलं, आदी दोरा दाखव, मंग उठते. दोन डाव खोलला त्यानं, दोन डाव लावला. तिसऱ्या डावाला दोरा भायेर गेला, तवा खुर्ची सोडली म्या."

तेव्हा संपादकबाई, सोसण्यावरचा लेख तुम्हाला अजून हवाच असेल तर त्या ब्लूटूथवाल्या टेक्निशियनला फोन करा.